सातबाऱ्यावरचा सडा

मालवण-देवगड परिसरात माडांच्या वाड्या आणि भातखाचरे मागे टाकून घाटी चढली की आपण एकदम सड्यावर येतो. वर मोकळे आभाळ आणि पायांखाली जांभ्याचा काळपट कातळ. महसुली दप्तरात अशा जमिनीची नोंद बहुधा ‘वरकस’ किंवा ‘पोटखराब’ अशी असते. बँकेत शेतीकर्जाची प्रकरणे तपासताना हे शब्द नित्य डोळ्यांखालून जात. पोटखराब म्हणजे लागवडीस अयोग्य. त्याला आकारणी नाही, आणि तारण म्हणून त्याचे मोल जवळजवळ शून्य. हिशेब म्हणून हे बिनचूक आहे. पण सडा ही स्वतःच्या नियमांनी चालणारी तृणभूमी आहे, आणि ते कळायला सातबाऱ्याचा उपयोग नाही.

मध्य आशियातील स्टेप, उत्तर अमेरिकेतील प्रेअरी, आफ्रिकेतील सॅव्हाना ही नावे आपण शाळेत भूगोलात पाठ केली. तेथे पाऊस कमी, वणवे आणि चरणारी जनावरे फार, म्हणून गवताचे राज्य. सिंधुदुर्गात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. अशा ठिकाणी घनदाट अरण्य असायला हवे. तरीही सड्यावर गवतच का? कारण कातळावर मातीचा थर जेमतेम बोटभर असतो. चार महिने त्यावर पाणी साचते आणि पुढचे आठ महिने तोच कातळ तव्यासारखा तापतो. मोठ्या वृक्षाला मुळे रोवायला येथे जागाच नाही.

मृगाच्या सरींनंतर दीपकाडीची पांढरी फुले दिसू लागतात. या वनस्पतीच्या शास्त्रीय नावातच कोकण आहे. श्रावण-भाद्रपदात पांढरे गेंद आणि सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे ताटवे पसरतात. ही सीतेची आसवे आणि त्यांच्या शेजारची दवबिंदू या दोन्ही वनस्पती कीटकभक्षी आहेत. जांभ्याच्या मातीत नत्र अत्यल्प असते. ती उणीव त्या सूक्ष्म जीव पकडून भरून काढतात. साताऱ्याच्या कास पठारावर अशीच फुले पाहायला लोक रांगा लावतात. ते पठार २०१२ साली पश्चिम घाटासोबत जागतिक वारसा ठरले. आपले सडे मात्र कोणी मुद्दाम पाहायला जात नाही.

फुलांपेक्षाही महत्त्वाचे आहे ते पाणी. जांभा सच्छिद्र असतो. सड्यावर पडलेला पाऊस त्याच्या भेगांतून मुरतो आणि उतारावरच्या झऱ्यांतून, पायथ्याच्या विहिरींतून वर येतो. खालच्या वाडीची नारळी-पोफळी या वरच्या ‘निरुपयोगी’ कातळावर उभी आहे.

गवताळ प्रदेशाला ओसाड समजण्याची चूक जगभर झाली. अमेरिकेत पोलादी नांगर आल्यावर प्रेअरी उलथली गेली. उंच गवताच्या प्रेअरीचा चार टक्क्यांहूनही कमी भाग आज उरला आहे. १९३०च्या दशकात दुष्काळ पडला तेव्हा कोरड्या मैदानांवरची गवताने धरून ठेवलेली माती धुळीच्या वादळांत उडून गेली. ब्राझीलमधील सेराडो हा तर अनेक मोठ्या नद्यांचा उगमप्रदेश. त्याचा जवळपास निम्मा भाग आता शेती आणि कुरणांखाली आहे.

आपल्याकडे सड्यावर चिरेखाणी निघतात, सुरुंग लावून आणि बाहेरची माती भरून कलमबागा उभ्या राहतात. चिपीच्या सड्यावर २०२१पासून विमानतळ आहे. घराला चिरा हवा, आंब्याला बाजार आहे, आणि मुंबईच्या चाकरमान्याला गावी लवकर पोहोचायचे असते. यातले काहीच नाकारता येणार नाही. माझी तक्रार एवढीच, की या व्यवहारात सड्याची किंमत शून्य धरली जाते. चिऱ्याचा दर सर्वांना ठाऊक असतो, पण खाणीमुळे आटलेल्या झऱ्याची रक्कम कोणत्याच खात्यात नावे पडत नाही. (वृक्षारोपणाच्या उत्साहात सड्यावर खड्डे खणणाऱ्यांनीही थोडे थांबावे.)

मालवण तालुक्यात कुडोपीच्या सड्यावर प्राचीन माणसाने कातळात आकृत्या कोरून ठेवल्या आहेत. कोकणातील अशा कातळशिल्पांना २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत स्थान मिळाले आणि त्यांच्यासोबत कातळाकडेही लक्ष गेले.

गवताला आणि झऱ्याला असे स्थान द्यायचे तर तरतूद गावातच आहे. जैवविविधता कायदा, २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती असावी लागते, आणि त्या समितीने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. कोणत्या सड्यावर काय फुलते, कोणता झरा कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो, गुरे कोठे चरतात, हे सारे तीत लिहिता येते. येत्या ग्रामसभेला गेलात तर ही वही मागून पाहा, आणि आपल्या सड्याचे पान कोरे असेल तर गावातल्या गुराख्याला सोबत घेऊन ते भरा.