किल्ला जपता, मग हिवऱ्याची औषधबाग का नाही?

जुन्नर म्हटलं की तुम्हाला शिवनेरी आणि लेणी आठवतात. याच भागात, हिवऱ्याला, एकोणिसाव्या शतकात सरकारी औषधबाग होती. १८३८ पासून दापोडीची बाग सांभाळणारे डॉ. अलेक्झांडर गिब्सन तीही पाहत. तिथल्या खुरासानी ओव्याचा अर्क औषधासाठी निघे. हीच वनस्पती मापात औषध, जास्त झाली तर विष! ‘झाडपालाच आहे, अपाय कसला?’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला हे ठिकाण दाखवायला हवं. पण वारसा म्हणजे फक्त बुरूज आणि मूर्ती, असं आपण ठरवूनच टाकलंय. गावातला जुना दवाखाना पाडायचा ठराव आला तर ग्रामसभेत उठून विचारा: औषध माणसापर्यंत कसं पोचलं, हे उद्या मुलांना कुठे दाखवणार?