पोर शाळेत बसले, पण शिकले काय?

कै. शाहू छत्रपतींनी १९१७ साली करवीर राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. पोर न धाडणाऱ्या बापास दरमहा एक रुपया दंड! दंडाने पोर शाळेत येते. छडी नि घोकंपट्टीपुढे टिकत मात्र नाही. कोल्हापुरातच लीलाताई पाटील यांनी १९८५ साली ‘सृजन आनंद विद्यालय’ काढले. तेथे मुलांना प्रश्न विचारू दिले, परिसराचेच पुस्तक केले. ज्याच्या घरी पुस्तकांचे कपाट, त्याचे पोर घोकूनही तरते. कुंभाराच्या, कुणब्याच्या पोरास ती सोय कोठली? त्यास चाकावरून वर्तुळ, वाफ्यावरून क्षेत्रफळ शिकवा; मग तेच मास्तरांस उलट सवाल करील! बंधूंनो, शाळेत जाल तेव्हा नुसते गुण विचारू नका. पोराने या आठवड्यात कोणता प्रश्न विचारला, तेही मास्तरांस पुसा.