टिपरी कोठें पडावी?

नागपूरच्या दक्षिणेस हुडकेश्वर हें पूर्वीं निराळें खेडें होतें. आतां तें शहराच्या वस्तींत मिसळून गेलें आहे. तिकडील घरांतून जी तक्रार ऐकूं येते, ती पुण्यासाताऱ्याकडेहि नवी नाहीं. आपल्या मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच शिकवितात. मुलें लिहितात, व्याकरणांतहि फारशीं चुकत नाहींत, पण बोलूं लागलीं कीं समोरचा "काय म्हणालात?" असें विचारतो. मुलाखतीच्या खोलींत त्या एका प्रश्नानें हुशार मुलाचा धीर सुटतो. तर्खडकरांची पाठमाला घोकलेल्या वडील पिढीसहि हा अनुभव असेलच.

दोष बहुधा आघाताचा असतो. मराठींत प्रत्येक अक्षर आपल्या लघुगुरुत्वाप्रमाणें वेळ घेतें. जोर कोठें दिला यावरून शब्दाचा अर्थ पालटत नाहीं. इंग्रजींत एक अक्षर उठून दिसतें व शेजारचीं मावळतात. 'रेकॉर्ड' शब्दाच्या पूर्वार्धावर जोर दिला तर तें नाम, उत्तरार्धावर दिला तर क्रियापद. 'फोटोग्राफ'चा आघात पहिल्या अक्षरावर, 'फोटोग्राफर'चा दुसऱ्यावर, 'फोटोग्राफिक'चा तिसऱ्यावर!

हें फळ्यावर लिहून भागत नाहीं. चार मुलें रांगेंत घ्यावीं, प्रत्येकास एकेक अक्षर वाटून द्यावें. 'फोटोग्राफर' म्हणतांना दुसऱ्यानें ताठ उभें राहून मोठ्यानें बोलावें. इतरांनीं उकिडवें बसून पुटपुटावें. शब्द पालटला कीं उभा राहणाराहि पालटतो. वर्गांत हंशा पिकतो, पण धडा विसरत नाहीं.

विदर्भांत भुलाबाईचीं गाणीं म्हणणाऱ्या मुलींना तालाचें वेगळें शिक्षण नकोच. त्यांच्या हातीं टिपऱ्या द्याव्या. 'डॉग्ज चेस कॅट्स' यास तीन टिपऱ्या. 'द डॉग्ज विल बी चेसिंग द कॅट्स' यासहि तीनच. मधले बारके शब्द त्या तालांत घाईनें उरकावयाचे.

सर्वांत उपयोगी खेळ मात्र आपल्या 'च'चा आहे. 'रविच काल पुण्यास गेला', 'रवि कालच पुण्यास गेला', 'रवि काल पुण्यासच गेला' हीं तीन वाक्यें सांगावीं व इंग्रजी वाक्य एकच ठेवावें: 'रवि वेंट टु पुणे येस्टर्डे'. इंग्रजींत 'च' नाहीं. त्याचें काम पुष्कळदां आवाजच करतो. कोणत्या शब्दावर तो चढवावा हें मुलानें ठरवावें, व कोणता 'च' ऐकूं आला तें दुसऱ्यानें ओळखावें. आमचा अनुभव असा कीं, नियमांनीं कंटाळलेलीं मुलेंहि यांत रमतात.

साहेबाची नक्कल करण्याचें कारण नाहीं. 'ट' आणि 'ड' आपले राहिले तरी ऐकणाऱ्याचें अडत नाहीं. आघात चुकला तर अडतें. घरीं शब्दकोश असेल तर मुलाकडून उच्चारांतील ती बारीक उभी रेघ शोधवून घ्यावी. हल्लींच्या बहुतेक विलायती कोशांत ती जोराच्या अक्षराआधीं, वरच्या बाजूस असते.