शिष्यवृत्ती : येणे आणि रोकड

शहाद्याच्या बाजारपेठेचे गणित शेतावर मांडले जाते. सातपुड्याच्या पायथ्याशी, गोमाई आणि तापीच्या खोऱ्यात पिकणारी पपई, केळी, ऊस आणि कापूस हे या तालुक्याचे धन होय. बी-बियाणे, खते, औषधे, ठिबकचे साहित्य, इतकेच नव्हे तर कापड आणि किराणा यांची दुकानेही त्याच धनावर उभी आहेत. पीक बुडाले की पेढीची उधारी बुडते, हे येथील व्यापारी कुटुंबांना कोणी शिकवावे लागत नाही. असे असूनही घरातील मुलाने वा मुलीने बारावीनंतर कृषी पदवीचा विचार बोलून दाखविला, तर पहिला प्रश्न असतो, ‘त्यात आपले काय?’

या प्रश्नाचे अर्धे उत्तर कायद्यानेच दिले आहे. २०१५ मध्ये कीटकनाशक नियमांत दुरुस्ती झाली आणि विक्री परवान्यासाठी कृषी किंवा रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र यांसारख्या विज्ञान विषयातील शिक्षणाची अट आली. जुन्या विक्रेत्यांसाठी अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांची वाट ठेवण्यात आली. परंतु नवी पिढी दुकानावर बसणार असेल, तर तिच्या हाती पदवी असणे हेच श्रेयस्कर. उरलेले अर्धे उत्तर खानदेशातच घडले आहे. वाकोदचे भवरलाल जैन वाणिज्य आणि कायद्याचे पदवीधर होते. १९६३ मध्ये सात हजार रुपयांच्या भांडवलावर त्यांनी रॉकेलचा व्यापार आरंभिला. १९७८ मध्ये केळीच्या भुकटीचा कारखाना घेऊन तेथे पपईच्या चिकापासून पपेन काढले, आणि पुढे ठिबक सिंचनाने जळगावचे नाव जगभर नेले. व्यापाराला शेतीच्या ज्ञानाची जोड मिळाली, तर काय होऊ शकते, याचे याहून जवळचे उदाहरण शोधावे लागत नाही.

आता प्रश्न खर्चाचा. बी.एस्सी. कृषी हा चार वर्षांचा, आठ सत्रांचा अभ्यासक्रम. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शासकीय महाविद्यालये नंदुरबार आणि धुळे येथे आहेत. तेथे शुल्क माफक असते; खाजगी महाविद्यालयांत ते बरेच अधिक. खुल्या प्रवर्गातील ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्यांच्यासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना असून तीत शिक्षण शुल्काचा निम्मा भार शासन उचलते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना २०२४-२५ पासून याच उत्पन्नमर्यादेत शिक्षण शुल्काची व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी मिळू लागली. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि ‘स्वयं’ योजना आहे. राष्ट्रीय प्रवेश परीक्षेतून परराज्यातील कृषी विद्यापीठात जाणाऱ्यांना भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची राष्ट्रीय प्रतिभा शिष्यवृत्ती मिळते.

योजना पुष्कळ आहेत. तथापि लाभ हातून निसटतो तो अटींमुळे. पहिली अट प्रवेशाची. जागा केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून मिळालेली असली पाहिजे. घाईने व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेणारी कुटुंबे चार वर्षांच्या सवलतीवर पहिल्याच दिवशी पाणी सोडतात. दुसरी गोष्ट उत्पन्नाच्या दाखल्याची. तो तहसील कार्यालयातून निकालापूर्वीच काढून ठेवावा. तिसरी बँक खात्याची. महाडीबीटीची रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात जाते. मुलाने मध्यंतरी दुसऱ्या बँकेत खाते उघडून तेथे आधार जोडले, तर पैसा तिकडे वळतो आणि घरचे जुन्या पासबुकात नोंद शोधत बसतात. चौथी गोष्ट नूतनीकरणाची. अर्ज दरवर्षी करावा लागतो. दुसऱ्या वर्षी तो राहून गेल्यास मंजूर झालेली शिष्यवृत्तीही खंडित होते.

या साऱ्यांहून नाजूक बाब वेळेची आहे. हिशेबाच्या भाषेत शिष्यवृत्ती हे येणे आहे, रोकड नव्हे. खोलीचे भाडे, मेसची आगाऊ रक्कम, पुस्तके आणि चौथ्या वर्षी गावात राहून करावयाच्या कार्यानुभवाचा खर्च त्या त्या महिन्यात द्यावा लागतो. अर्जाची पडताळणी मात्र महाविद्यालयातून विभागाकडे जाते आणि रक्कम हप्त्याहप्त्याने येते. सुस्थितीतील घर ही तफावत सहज पेलते. परंतु ज्याच्या वडिलांचे नाव दुकानाच्या उधारीच्या वहीत आहे, असा अल्पभूधारकाचा किंवा सालदाराचा मुलगा नेमका याच काळात घरी परततो. कागदोपत्री तो शिष्यवृत्तीस पात्र असतो. वर्गात मात्र त्याची जागा रिकामी असते.

येथे बाजारपेठेला करण्यासारखे काम आहे, आणि ते व्यापाऱ्याच्या अंगवळणी पडलेले आहे. मुदतीची हुंडी आधी वटवून देणे हा जुन्या पेढ्यांचा नित्याचा व्यवहार होता. त्याच धर्तीवर चार-पाच पेढ्यांनी मिळून एक छोटा फिरता निधी उभारावा. अर्जाची पोच आणि प्रवेशपत्र पाहून विद्यार्थ्यास बिनव्याजी उचल द्यावी आणि शिष्यवृत्ती खात्यात जमा होताच ती परत घ्यावी. तीच रक्कम पुढील वर्षी दुसऱ्या विद्यार्थ्याच्या कामी येईल. एखाद्याची शिष्यवृत्ती नामंजूर झाली, तर परतफेड पदवीनंतर करण्याची सवलत आरंभीच लिहून ठेवावी, म्हणजे मदतीचे ओझे होणार नाही. निधी अपुरा पडल्यास बँकेचे शैक्षणिक कर्ज आहेच. चार लाखांपर्यंत त्यास तारण लागत नाही आणि फेड अभ्यासक्रम संपल्यावर सुरू होते.

गुणवंतांच्या सत्कारात शाल आणि श्रीफळ दिले जाते. त्याचा मान मोठाच. परंतु तो सत्कार जूनमध्ये होतो आणि विद्यार्थ्याची अडचण सप्टेंबरात उभी राहते. शाहाद्यातील एखाद्या सालदाराची मुलगी त्या सप्टेंबरात वसतिगृहातच राहिली, तर चार वर्षांनी पपईवरील रोग ओळखणारी पदवीधर याच तालुक्यात उपलब्ध असेल. तिच्या सल्ल्याने वाचलेले पीक अखेर ज्या वह्यांत जमेस येईल, त्या वह्या याच बाजारपेठेतील आहेत.