पदं नकोत, नाटक हवं

सिएटलच्या पॅरामाउंटला ब्रॉडवेचा एखादा मोठा दौरा जाहीर झाला की बॉथेल, केनमोर, वुडिनव्हिल भागातल्या मराठी घरांतून मला हमखास फोन येतात. तिकिटं कुठली काढू? मुलांना झेपेल का? आईबाबा पुण्याहून आलेत, त्यांना काही कळेल का? मी नाटकवाली नाही. दिवसभर माझी गाठ असते ती पेशी, पिपेट आणि न जुळणाऱ्या आलेखांशी. पण गेली वीसेक वर्षं इकडची म्युझिकल्स बघण्यात बरेच डॉलर आणि त्याहून जास्त शनिवार घातले आहेत, तेव्हा चार गोष्टी सांगायला हरकत नाही. फोन करणाऱ्या मंडळींबद्दल एक तक्रारही आहे. आधी उपयोगाचं सांगते, तक्रार मग.

तिकीट नेहमी थिएटरच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून काढा. गूगलवर नाटकाचं नाव टाकलं की वरची पहिली दोन-तीन स्थळं बहुधा पुनर्विक्रेत्यांची असतात. दिसतात अगदी थिएटरसारखी, आणि ऐंशी डॉलरची जागा दोनशेला विकतात. गावात जाणं होतच असेल तर थेट खिडकीवर तिकीट घ्या, ऑनलाइनचं वरकड शुल्क बऱ्याचदा वाचतं. मंगळवार-बुधवारची रात्र शनिवारपेक्षा स्वस्त असते आणि नट तेच असतात. मोठ्या दौऱ्यांत त्याच दिवशीची थोडी तिकिटं कमी भावात किंवा ऑनलाइन सोडतीत निघतात. एकट्याने जायची तयारी असेल तर हा मार्ग फार चांगला, कारण एक सुटी जागा कुठेतरी उरतेच. आपल्याकडे एकट्याने नाटकाला जायचं म्हटलं की लोक कीव करतात. करू देत.

जागेबद्दल माझं मत ठाम आहे. बाल्कनीच्या खाली, अगदी मागच्या रांगांत बसू नका. डोक्यावरच्या छतामुळे वरून येणारा आवाज अडतो आणि शब्द कानापर्यंत पोचेस्तोवर पिठूळ होतात. तेवढ्याच पैशांत बाल्कनीची पहिली-दुसरी रांग मिळत असेल तर ती घ्या. नृत्याच्या रचना वरूनच नीट दिसतात. नटाच्या डोळ्यांतलं पाणी तिथून दिसत नाही, पण ते आठव्या रांगेच्या मागे कुठूनच दिसत नाही.

जायचं कसं? बॉथेलहून संध्याकाळी साडेपाचला गाडी काढून ४०५ आणि आय-५ ने डाउनटाउन गाठायचं, मग पार्किंगसाठी तीन मजले फिरायचं, यात अर्धा उत्साह संपतो. लिनवुडचं लिंक स्टेशन २०२४ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं आहे. गाडी तिथे लावा आणि वेस्टलेकला उतरा. पॅरामाउंट आणि फिफ्थ अॅव्हेन्यू ही दोन्ही थिएटरं तिथून चालत पाच-दहा मिनिटांवर. साडेसातचा खेळ साडेसातलाच सुरू होतो, आपल्या मंडळाच्या कार्यक्रमासारखा आठ-सव्वाआठला नाही. उशीर झाला तर योग्य जागा येईपर्यंत मागे उभं करतात, आणि म्युझिकलचं पहिलं गाणं चुकणं म्हणजे कादंबरीची पहिली वीस पानं फाडण्यासारखं आहे. कोण, कुठे, कशासाठी, ते सगळं त्यात असतं.

आता आईबाबा. त्यांना इंग्रजी येत नाही असं नसतं. गाण्यातलं, वाद्यांच्या आवाजातलं, अमेरिकन उच्चारांचं इंग्रजी पकडता येत नाही, एवढंच. इकडच्या मोठ्या थिएटरांत प्रत्येक नाटकाचे एक-दोन प्रयोग असे असतात की त्यात गाण्यांचे आणि संवादांचे शब्द रंगमंचाशेजारच्या पाटीवर उमटत जातात. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी ही सोय असते, आणि आपल्या सत्तरीच्या पाहुण्यांना ती वरदान आहे. थिएटरच्या वेळापत्रकात ‘कॅप्शन’ असा शब्द शोधा आणि पाटी कुठल्या जागांवरून दिसते ते तिकीट काढतानाच विचारा. शिवाय आधी घरी बसून कथानक मराठीत सांगून टाका. कथा आधी कळली तर मजा जाते हा सिनेमाचा नियम झाला. ‘सौभद्र’ बघायला आलेल्या कुणाला सुभद्रेचं लग्न शेवटी कोणाशी होणार हे माहीत नव्हतं?

मुलांच्या बाबतीत मी उलटा सल्ला देते. गाणी आधी ऐकवू नका. गाडीत तीच ध्वनिफीत दोन महिने वाजवून मुलांना तोंडपाठ झालेली असते, मग ती प्रयोगात बाजूच्यांच्या कानात गातात. ‘हॅमिल्टन’ २०१८ साली पॅरामाउंटला आलं तेव्हा कितीतरी ठिकाणी अशी जुगलबंदी चालू होती.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पॅरामाउंटच्या पलीकडे बघा. इसाक्वा आणि एव्हरेट इथे व्हिलेज थिएटर आहे, १९७९ पासूनचं. बॉथेलहून अर्ध्या-पाऊण तासात पोचता येतं, तिकीट कमी, थिएटर लहान, आणि तिथे नवी म्युझिकल्स घडतात. मानसिक आजाराशी झगडणाऱ्या आईची गोष्ट सांगणारं ‘नेक्स्ट टू नॉर्मल’, ज्याला २०१० साली पुलित्झर मिळालं, ते वेगळ्या नावाने २००५ मध्ये तिथे आकार घेत होतं. फिफ्थ अॅव्हेन्यूला २००२ साली ‘हेअरस्प्रे’ ब्रॉडवेच्या आधी झालं. १९६२ च्या बाल्टिमोरमध्ये टीव्हीवरच्या नाचाच्या कार्यक्रमात गोऱ्या आणि काळ्या मुलांनी एकत्र नाचायचं की नाही, यावरचं हे नाटक. विषय असा, आणि लोक गुणगुणत बाहेर पडतात. ही या प्रकाराची ताकद आहे. मोठ्या दौऱ्याची तिकिटं आपल्याशिवायही खपतात. गावातल्या थिएटरांचं तसं नसतं. तेहतीस वर्षं चाललेलं सिएटलचं बुक-इट हे कादंबऱ्या रंगमंचावर आणणारं थिएटर २०२३ मध्ये बंद पडलं. आपण सगळे ‘अरेरे’ म्हणालो. त्यांच्या शेवटच्या हंगामात तिथे गेलेले आपल्यापैकी किती होते, हे मी विचारत नाही.

आता तक्रार.

दीडशे डॉलरचं तिकीट काढून ब्रॉडवे बघणारी हीच मंडळी मराठी नाटकाच्या चाळीस डॉलरच्या तिकिटाला विचारतात, ‘जेवण धरून का?’ हा विनोद जुना झाला. त्याहून मला खुपतं ते वेगळंच. आपण संगीत नाटकाचा अभिमान बाळगतो, आणि नाटक मात्र फेकून दिलं आहे. उरलीत पदं. उत्तर अमेरिकेतल्या कुठल्याही मंडळाचा ‘नाट्यसंगीत रजनी’चा कार्यक्रम आठवा: एक गायक, एक गायिका, हार्मोनियम, तबला, आणि ‘तो सुवर्णकाळ होता’ असं सांगणारा निवेदक. पद कोण म्हणतंय, कोणाला म्हणतंय, का म्हणतंय, याचा पत्ता नाही. देवलांच्या ‘शारदा’तली शारदा ही म्हाताऱ्या भुजंगनाथाला पैशांसाठी विकली जाणारी कोवळी मुलगी आहे. विकणारा तिचा बापच आहे. तिच्या तोंडची पदं म्हणजे भीती आणि आक्रोश. त्यातल्या एखाद्या तानेवर आपण ‘क्या बात है’ म्हणून मांडीवर थाप मारतो आणि समोसा खायला जातो.

हे नाटक १८९९ चं आहे. जरठबालाविवाहाची चाल समाजात चालू असताना, ज्यांच्या घरांत ती चालू होती त्यांच्यासमोर, गाण्यांतून केलेला तो हल्ला होता. मुलींच्या लग्नाच्या वयाचा कायदा १९२९ साली आला. त्याला शारदा कायदा म्हणतात तो हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून, देवलांच्या नायिकेवरून नव्हे. पण मराठी माणसाला ते नाव ऐकून दुसरं काही आठवणं शक्यच नव्हतं. ‘हेअरस्प्रे’ जे करतं ते ‘शारदा’ने शतकभर आधी केलं होतं. यावरून लगेच ‘आमच्याकडे सगळं आधीच होतं’ असं कुणी म्हणू नये. ते पुष्पक विमानवाल्यांचं काम. अण्णासाहेब किर्लोस्करांनीही पारशी मंडळींची गाणारी नाटकं पाहूनच ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात ‘शाकुंतल’ उभं केलं. चांगल्या कल्पना अशाच फिरतात. १७२८ मध्ये लंडनला लिहिलेला भिकाऱ्यांचा ऑपेरा १९२८ साली ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांच्या हाती बर्लिनमध्ये ‘थ्रीपेनी ऑपेरा’ होतो, आणि १९७८ साली पु. लं. च्या लेखणीतून ‘तीन पैशाचा तमाशा’ होतो.

नाटक मागे पडून गाणं पुढे आलं याला आपण प्रेक्षकच जबाबदार आहोत, असं माझं मत आहे. ‘वन्स मोअर’चा गजर करून आपण नटाला गवई केलं. बालगंधर्वांचा गळा अलौकिक होता यात शंकाच नाही. पण रुक्मिणीची घालमेल पाचव्यांदा त्याच ओळीवर येऊन थांबली की ती घालमेल राहत नाही, मैफल होते. प्रयोग पहाटेपर्यंत लांबायचे याचं कौतुक आपण अजून सांगतो. इकडे टाळ्या गाणं संपल्यावर, आणि पुढच्या वाक्याला गोष्ट पुढे. ही शिस्त मला आवडते. (सिएटलमध्ये मात्र हल्ली प्रत्येक प्रयोगाला सगळं थिएटर उभं राहून टाळ्या वाजवतं. त्यामुळे उभं राहण्याला काही किंमत उरलेली नाही. मी बसून वाजवते, शेजारचे बघतात.)

दुसरी गोष्ट जास्त टोचणारी आहे. संगीत नाटक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शालू, शेला आणि ऑर्गन येतो. ढोलकी, तुणतुणं आणि डफ येत नाहीत. तमाशा हेही गाणं, नाच, विनोद आणि कथा असलेलं रंगनाट्यच आहे. सत्यशोधक जलसे आणि आंबेडकरी जलसेही तसेच. भीमराव कर्डकांसारख्यांनी गावोगाव जाऊन गाण्या-संवादांतून जे सांगितलं ते कुठल्याही व्याख्येने संगीत नाटक होतं. फक्त ते करणारे आणि बघणारे वेगळ्या वस्त्यांतले होते, म्हणून ते आपल्या ‘वारशा’त बसलं नाही. २०१२ साली ‘शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला’ आलं. राजकुमार तांगडे यांचं लेखन, नंदू माधव यांचं दिग्दर्शन, संभाजी भगत यांचं संगीत, आणि जालन्याकडचे शेती करणारे नट. खरा शिवाजी कोणाचा, हा प्रश्न ते नाटक गाऊन आणि हसवून विचारतं. अमेरिकेच्या संस्थापकांच्या भूमिका काळ्या आणि लॅटिनो नटांनी रॅपमध्ये केल्या म्हणून ‘हॅमिल्टन’ला आपण उभं राहून टाळ्या दिल्या. मग आपल्या इतिहासाशी तेच करणारं हे नाटक आपल्या किती मंडळांच्या विचारात तरी आलं? सिएटल शहराने २०२३ च्या फेब्रुवारीत जातिभेदावर कायद्याने बंदी घातली, अमेरिकेतलं असं पहिलं शहर. तेव्हा ‘इकडे कुठे आलीय जात?’ असं म्हणणाऱ्यांनी आपल्या मंडळाच्या गेल्या दहा वर्षांच्या कार्यक्रमांची यादी काढून बघावी.

माझा प्रस्ताव लहान आहे. दोन वर्षांतून एकदा ‘रजनी’ बंद ठेवून एक संगीत नाटक पूर्ण करा. सुरुवात ‘शारदा’ने. देवल १९१६ साली गेले, त्यामुळे परवानगीचा प्रश्न नाही. (‘कट्यार’ किंवा ‘घाशीराम’ करायचं असेल तर लेखकाच्या वारसांची रीतसर परवानगी घ्या आणि मानधन द्या. इथली शाळासुद्धा म्युझिकल करते तेव्हा हक्काचे पैसे भरते. आपण मात्र ‘हौशी आहोत’ म्हणून सुटतो.) पदं निम्मी करा, प्रत्येक पद दोन-तीन मिनिटांत बसवा, एकूण सव्वादोन तास. बॉथेल हायस्कूलच्या आवारातलं नॉर्थशोअर परफॉर्मिंग आर्ट्स सेंटर चांगलं सभागृह आहे. वरच्या पडद्यावर इंग्रजी शब्द दाखवा, म्हणजे आपली मुलं आणि त्यांचे मित्रही येतील. या मुलांतली बरीच शाळेच्या म्युझिकलमध्ये प्रकाश, ध्वनी, वाद्यवृंद सांभाळतात. व्हायोलिन, चेलो वाजवणारी तर प्रत्येक गल्लीत एक आहे. त्यांना फक्त टाळ्या वाजवायला बोलावू नका, खड्ड्यात बसवून वाजवायला द्या. तबलजींना पैसे द्या. जेवण वेगळं ठेवा.

‘शारदा’चं पुस्तक माझ्याकडे आहे. पदांसकट मोठ्याने वाचायला साधारण तीन तास लागतात. कांचनभटाची भूमिका घ्यायला अजून कुणी तयार नाही.