विश्लेषण : क्लच पेडल नसलेल्या डंपरचे डिझेल कुठे जाते?

चंद्रपूरच्या खुल्या कोळसा खाणींत माती-दगड वाहणाऱ्या ६० किंवा १०० टनी डंपरमध्ये क्लचचे पेडल नसते. त्यामुळे ‘गाडी स्वतःच सगळे करते’ असा समज होतो. तो अर्धाच खरा आहे. डिझेल चाकांपर्यंत पोहोचते की तेल तापवण्यात जाते, हे खाणीतला रस्ता आणि ऑपरेटरही ठरवतात.

टॉर्क कन्व्हर्टर काय करतो?

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलाने भरलेले बंद भांडे असते. त्यात इंजिनला जोडलेले पंपचाक तेल फेकते आणि त्या माऱ्याने समोरचे टर्बाइन फिरते. परतणारे तेल मधला स्टेटर योग्य दिशेने वळवतो. म्हणून जागेवरून निघताना इंजिनचा पीळ साधारण दुप्पट होतो आणि भरलेला डंपर धक्का न देता हलतो.

मग लॉकअप क्लच कशाला?

वेग घेतल्यावर हा फायदा संपतो. टर्बाइन मात्र पंपाच्या थोडे मागेच राहते. त्या फरकात वाया जाणारी शक्ती तेल तापवते. अशा वेळी तेलाच्याच दाबाने एक घर्षण-चकती आवळली जाते. इंजिन आणि गिअरबॉक्स एकसंध फिरू लागतात, डिझेल वाचते. गिअर बदलताना किंवा वेग फार उतरल्यावर लॉकअप सुटतो.

रस्त्याचा काय संबंध?

खड्ड्यांमुळे वारंवार ब्रेक लागला की वेग पडतो, लॉकअप सुटतो, तेल पुन्हा तापते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे गेलेल्या चंद्रपुरात ते थंड ठेवणे आणखी कठीण. जास्त तापलेले तेल लवकर खराब होते. सील आणि चकत्याही झिजतात.

उतारावर प्रश्न सुरक्षेचा होतो. लॉकअप लागलेला असेल तर इंजिन गाडीला रोखून धरते. सुटला की भार ब्रेकवर येतो. गडचिरोलीतील सुरजागडसारख्या डोंगरावरच्या खाणीतून माल भरून खाली उतरायचे असते. अशा उतारावर असे वाहन चालवणाऱ्याला हे ठाऊक हवेच.

काय करायला हवे?

डंपर घेताना तो तासाला किती डिझेल पितो हे विचारले जाते. रस्ता सपाट करणाऱ्या ग्रेडरचा खर्चही त्याच हिशेबात धरावा. दोन्ही जिल्ह्यांतील जे तरुण या कामाकडे वळतात, त्यांना प्रशिक्षणात कापलेला कन्व्हर्टर दाखवावा, तेलाच्या तापमानाचा काटा वाचायला शिकवावा आणि उतार लागण्याआधीच योग्य गिअर निवडण्याची सवय लावावी. नव्या यंत्रापेक्षा हा खर्च नक्कीच कमी आहे.