‘शुगर-फ्री’च्या भरवशावर दात सोडू नका

दिवाळी पंधरा दिवसांवर आली आहे. मिठाईच्या दुकानांत ‘शुगर-फ्री’ची वेगळी मांडणी झाली आहे, घरोघरी फराळाच्या याद्या सुरू आहेत, आणि मी ज्या तालुक्यात तेवीस वर्षं लोकांचे दात बघतो आहे तिथं साखर कारखान्यांत बॉयलर अग्निप्रदीपनाचे कार्यक्रम होत आहेत. अशा वेळी आई-बाबांना, आजी-आजोबांना, मिठाईवाल्यांना आणि माझ्या डॉक्टर मित्रमैत्रिणींनाही कळकळीची विनंती आहे: खोक्यावर ‘शुगर-फ्री’ छापलं आहे म्हणून दातांची राखण सोडू नका.

मागच्या महिन्यात एक तीन वर्षांचा मुलगा आला. वरचे पुढचे चारही दात हिरडीलगत तपकिरी होऊन तुटलेले. आई रडवेली झाली होती. “डॉक्टर, साखर आम्ही घरात आणतच नाही हो. दुधात मध घालते, तोही शेतावरचा.” तेच मधाचं दूध बाटलीत भरून तो रात्रभर चोखत झोपायचा. सोबत आलेल्या आजी म्हणाल्या, “दुधाचेच दात ना, पडणारच आहेत.” हे वाक्य मी आठवड्यातून चार वेळा ऐकतो. आजी, पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतील, पण मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात. तोवर त्या पोरानं चावायचं कशानं? ठणकणाऱ्या दाढेनं रात्र जागून सकाळी शाळेत बसायचं कसं? त्या माउलीला मी दोष देत नाही. साखर वाईट, मध आणि गूळ चांगले, एवढंच तिला आजवर कुणीतरी सांगितलं होतं. दातावरच्या जंतूंना मात्र मध, गूळ, काकवी आणि साखर सारखीच गोड लागते.

दातावर जीभ फिरवली की सकाळी जो बुळबुळीत थर लागतो, त्यात जंतूंची वस्ती असते. त्यातला दात किडवण्यात पुढे असणारा जंतू म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स. १९२४ साली क्लार्क नावाच्या संशोधकानं तो किडक्या दातांतून वेगळा काढला. ऊस-साखरेवर हा जंतू दोन कामं करतो. एक, साखर पचवून आम्ल तयार करतो. दोन, तिच्यापासून डिंकासारखा चिकट पदार्थ बनवतो आणि दाताला घट्ट धरून बसतो. गोड घास खाल्ल्यावर काही मिनिटांतच या थराचा सामू साडेपाचाच्या खाली उतरतो आणि दाताच्या कवचातली खनिजं विरघळू लागतात. मग लाळ ते आम्ल हळूहळू निवळवते आणि गेलेली खनिजं परत भरते. त्याला अर्धा तास, कधी तासभर लागतो. तेवढ्यात दुसरा लाडू तोंडात गेला, की लाळेची सगळी मेहनत पाण्यात. म्हणून दिवसभरात किती साखर खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली, हे दाताच्या दृष्टीनं मोठं.

हे आपल्याला कळलं त्याची किंमत काही माणसांनी मोजली आहे. १९४५ नंतर स्वीडनमधल्या लुंडजवळच्या व्हिपेहोल्म या संस्थेत मतिमंद रुग्णांना मुद्दाम गोड खायला घालून अभ्यास झाला. जेवणासोबत साखर घेणाऱ्यांची कीड फारशी वाढली नाही. जेवणांच्या मधल्या वेळात चिकट टॉफ्या खाणाऱ्यांचे दात मात्र भराभर किडले. त्या रुग्णांची संमती कुणी घेतली नव्हती. आठवण झाली की आजही मन खिन्न होतं. त्यांच्या दुखऱ्या दातांतून मिळालेला धडा निदान वाया तरी जाऊ नये.

आता साखरेला पर्याय म्हणून जे पदार्थ येतात त्यांच्याकडे वळू. मी त्यांचा शत्रू नाही. स्टीव्हिया, सुक्रालोज, ॲस्पार्टेम, सॅकरीन यांपासून जंतूंना आम्ल बनवता येत नाही. सॉर्बिटॉल ते पचवतात, पण फार सावकाश. झायलिटॉल तर जंतू आत ओढून घेतात आणि त्याचं काहीच करू शकत नाहीत, उलट स्वतःचीच ताकद घालवून बसतात. झायलिटॉलचं च्युइंगम नियमित चघळणाऱ्यांच्या दातांवर थरही कमी साचतो. १९७२ साली फिनलंडमधल्या तुर्कू शहरात सव्वाशे माणसांना घेऊन दोन वर्षांचा प्रयोग सुरू झाला. एका गटानं साखर, दुसऱ्यानं फळशर्करा आणि तिसऱ्यानं झायलिटॉल घालून केलेले पदार्थ खाल्ले. झायलिटॉलच्या गटात नवी कीड जवळजवळ लागलीच नाही.

‘दातांसाठी झायलिटॉल’ असं वाचलंत की तुर्कूतली एक गोष्ट ध्यानात असू द्या: त्या गटाची जवळपास सगळीच साखर बदलली होती. दिवसभर चहा, बिस्किटं, चकल्यांसोबत शेव-लाडू, आणि रात्री एक च्युइंगम, असा तो प्रयोग नव्हता. २०१३ साली अमेरिकेत मोठ्या माणसांना झायलिटॉलच्या गोळ्या देऊन झालेल्या अभ्यासात कीड लक्षणीय कमी झाली नाही. साखर खाऊन वर गोळी चघळली की हिशेब फिटला, असं होत नाही.

शिवाय ‘शुगर-फ्री’ म्हणजे आम्लमुक्त नव्हे. साखर नसलेल्या कोलाचा सामू तीनच्या आसपास असतो. तिथं जंतूंची गरजच नाही, पेयच थेट दाताचं कवच झिजवतं. दुकानात बसल्या बसल्या दुपारभर ‘डाएट’ बाटलीचे घुटके घेणारे एक आजोबा माझ्याकडे येतात. मधुमेह आहे म्हणून त्यांनी निष्ठेनं साखर सोडली, आणि पुढचे दात कडेला काचेसारखे पातळ झाले. लिंबाच्या शुगर-फ्री गोळ्यांचंही तसंच. असं काही प्यायलंच, तर एका बैठकीत संपवा, साध्या पाण्यानं खळखळून चूळ भरा आणि अर्धा तास तरी ब्रश लावू नका, कारण मऊ झालेलं कवच ब्रशनं खरवडून निघतं.

मिठाईवाल्या बंधूंनो, आता तुमच्याशी बोलतो. खजूर-अंजिराच्या बर्फीवर ‘शुगर-फ्री’ लिहू नका. सुक्या खजुराच्या वजनात निम्म्याहून जास्त साखरच असते, आणि तो दातांच्या फटीत टॉफीसारखा चिकटून बसतो. ‘वरून साखर घातलेली नाही’ असं लिहा, ते खरं आहे. तुमच्या पाटीवर विश्वास ठेवून मधुमेही माणूस चार तुकडे खातो, आणि आई लेकराच्या हातात डबाच देते. एका शब्दाचा बदल आहे, या दिवाळीतच करता येईल.

बालरोगतज्ज्ञ आणि औषध दुकानदारांकडेही माझं मागणं आहे. साखरेच्या पर्यायाची खरी गरज आहे ती लेकरांच्या पातळ औषधात. फिट्स, दमा किंवा वारंवार होणारा खोकला, यांसाठी महिनोन् महिने गोड सिरप घेणारी मुलं असतात, आणि ते सिरप बहुधा दात घासून झाल्यावर, झोपताना दिलं जातं. रात्री लाळ कमी सुटते, त्यामुळे ते गोड दातावर तसंच राहतं. बिनसाखरेचं औषध उपलब्ध असेल तर तेच लिहून द्या, तेच काढून द्या. आई-बाबांनो, तुम्हीही काउंटरवर विचारायला संकोचू नका. औषध स्वतःच्या मनानं बदलू नका, फक्त विचारा, आणि डोस झाल्यावर पाण्यानं तोंड धुवा.

मधुमेह असलेल्यांनी चहात साखरेऐवजी गोळी घालण्यात दातांच्या बाजूनं काही वावगं नाही. मात्र पुडीच्या पाठीमागे बघा: अनेक पुड्यांत डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन भर म्हणून घातलेलं असतं. आणि केवळ वजन उतरावं म्हणून साखरेच्या पर्यायांवर विसंबू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली सांगितलं आहे. साखर दिवसाला पन्नास ग्रॅमच्या आत ठेवावी, जमलं तर पंचवीस, म्हणजे सुमारे सहा चमचे, हा तिचा २०१५ चा सल्ला मोठ्या माणसांसाठी आहे. मुलांसाठी त्याहून कमी. सॉर्बिटॉल, झायलिटॉल जास्त झालं तर पोट बिघडतं, हेही सांगून ठेवतो. घरात कुत्रा असेल तर झायलिटॉलचं च्युइंगम किंवा मिठाई त्याच्या तोंडी लागू देऊ नका. माणसाला चालणारं झायलिटॉल कुत्र्याच्या जिवावर बेततं.

बाकी दातांची राखण जुनीच आहे. दोन वेळा फ्लोराइडची पेस्ट, तीन वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे वाटाण्याएवढी. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडमधल्या काही गावांत पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथल्या लोकांनी आधी दंतवैद्याला विचारावं. मिश्री मात्र कुणीच लावू नये. फराळ जेवणासोबत खा, दिवसभर डबा उघडा ठेवू नका. रात्री बाटलीत पाण्याशिवाय काही नको. वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर चाटवूही नका. तो दातांपलीकडचा, जिवाचा धोका आहे.

आज रात्री एवढं कराच. मूल झोपलं की मोबाइलचा टॉर्च लावा आणि त्याचा वरचा ओठ अलगद उचला. हिरडीलगत दातावर खडूसारखी पांढरी रेघ दिसते का बघा. कीड तिथून सुरू होते, आणि त्या अवस्थेत खड्डा न पडता ती थांबवता येते. रेघ तपकिरी झाली, दातात खळगा पडला, की मग मशीन आणि सुई. पांढरी रेघ दिसली तर दिवाळी उरकायची वाट बघू नका, सकाळीच जवळच्या दंतवैद्याकडे या.